मस्कतमध्ये बसवलेला डोंगर

आमचं नाटक पावणेदोन तासांचं होतं, तेही मध्यंतर धरून. पण चार महिने दर शुक्रवारी सकाळी पंधरा माणसं एका हॉलमध्ये कोंडली, की नाटकापेक्षा जास्त ऐवज नाटकाबाहेर जमतो. आम्ही मस्कतची मंडळी अजूनही कुणाकडे जेवायला जमलो, की नाटकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तालमींबद्दल बोलतात. आणि दर वेळी कुणीतरी एखादा असा किस्सा काढतो, जो बाकीच्यांच्या गावीही नसतो.

*

आमचं मंडळ दरवर्षी फार्स करायचं. नवरा-बायको, एक पाहुणा, तीन दरवाजे. त्या वर्षी आमचे दिग्दर्शक गजभिये सर, नागपूरचे सिव्हिल इंजिनियर, म्हणाले, "कुणी स्वतःचं काही लिहिलं असेल तर आणा." हिरा मेंगाळने एक वही पुढे सरकवली. हिरा इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, ठाकर समाजातली. आठ वर्षं ती मंडळात फक्त मेकअप करत होती.

सेक्रेटरींनी वही न उघडताच विचारलं, "कॉमेडी आहे का?"

"इंग्रज साहेब नकाशा काढायला येतो," हिरा म्हणाली. "डोंगराचं नाव विचारतो. आमची माणसं त्याला रोज वेगळं नाव सांगतात."

"म्हणजे कॉमेडीच."

"हो. नकाशा पुरा होईपर्यंत."

*

साहेबाचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, माझ्या गोऱ्या रंगामुळे. सरांना तसं म्हटलंही.

"छे," ते म्हणाले. "तू एचआरमध्ये आहेस म्हणून. हा साहेब ओरडत नाही. गाव उठवायची नोटीस समजुतीच्या सुरात वाचतो. तो सूर तुझ्याकडे तयार आहे."

सगळे हसले, मीही हसलो. मग मंगळवारी अल् खुवैरच्या ऑफिसात एका ड्राफ्ट्समनला व्हिसा रिन्यू होणार नाही, हे सांगायचं होतं. "तुमच्या सहकार्याबद्दल कंपनी आभारी आहे" म्हणालो आणि थांबलो. नेमकं तेवढंच, जेवढं सरांनी मला तालमीत थांबायला शिकवलं होतं. तो माणूस "थँक्यू सर" म्हणून उठला. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला.

शुक्रवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता साहेब जमला." मला काही ती शाबासकी वाटली नाही.

*

कपड्यांची जबाबदारी जोशीकाकूंकडे. एका शुक्रवारी त्या मोरपिसं, पानांचे झगे आणि काळ्या रंगाच्या तीन डब्या घेऊन आल्या. हिराने सगळं हातात घेऊन नीट बघितलं.

"काकू, माझे आजोबा धोतर नेसायचे. वर बंडी."

"अगं, पण मग लोकांना कळायचं कसं, हे आदिवासी आहेत ते?"

"मी आठ वर्षं तुमच्याकडे हळदीकुंकवाला येते. तुम्हाला कळलं होतं?"

काकूंनी पिसं पिशवीत भरली आणि त्या निघून गेल्या. आम्हाला वाटलं, आता काही त्या येत नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्या सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या वडिलांची दोन धोतरं होती, इतकी वर्षं सुटकेसच्या तळाशी जपलेली, ती घेऊन आल्या होत्या.

"मळवायची तर मळव," हिराला म्हणाल्या, "फाडू मात्र नकोस."

*

अन्वी बारा वर्षांची. मदिनत सुलतान काबूसला राहते. मराठी सगळं कळतं, पण बोलताना प्रत्येक शब्दाआधी थांबते. तिला एकच वाक्य होतं. गाव उठतं तेव्हा साहेबाला विचारायचं, "आम्ही कुठं जायचं?" ती ते असं म्हणायची, जणू शाळेची बस चुकली आहे.

सरांनी पाच-सहा वेळा करून दाखवलं. शेवटी तीच म्हणाली, "सर, हा क्वेश्चन आहे की कम्प्लेंट?"

सर हिराकडे बघायला लागले. हिरा म्हणाली, "साहेबाला क्वेश्चन वाटतो. म्हणून तर तो उत्तर देतो."

अन्वीने जरा विचार केला आणि पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज कुठेच वर गेला नाही. मला लगेच म्हणायचं होतं, "सरकारने खाली जागा दिली आहे." चार महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी वाक्य विसरलो.

*

गावाचा म्होरक्या असलेल्या नाईकाच्या भूमिकेत सावंत होता. मूळचा कुडाळचा, इथे क्रेन ऑपरेटर, राहायला वादी अदाईत. हिराने लिहिलेली ठाकरी बोली त्याच्या तोंडात गेली, की मालवणी होऊन बाहेर यायची. "साहेबा, हो डोंगर आमचो." हिराने तीन महिने दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

प्रयोगात मी नकाशावर शेवटची रेघ ओढून त्याला विचारतो, "आता काही सांगायचं आहे?" त्यावर त्याचं पाऊण पानाचं भाषण होतं. सावंत माझ्याकडे नुसता बघत राहिला. एकही शब्द शिल्लक नाही, हे मला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी प्रश्न पुन्हा विचारला.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "खलास, अर्बाब."

अर्बाब म्हणजे इथे मालक. मागच्या रांगांत सावंतबरोबर साइटवर काम करणारी माणसं बसली होती. कुणी हसलं नाही. मग एकाने टाळी वाजवली, आणि नंतर टाळ्या थांबेनात. मी विंगेत आलो तेव्हा हिरा वही मांडीवर घेऊन बसली होती. पाऊण पान खोडत होती.

*

त्या प्रयोगाला हिराचे वडील आले होते, व्हिजिट व्हिसावर. तीस वर्षं वनखात्यात राखणदार होते, हे हिराने आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं. तिचा चेहरा उतरला होता. कारण शेवटच्या प्रवेशात गावकरी साहेबाने रोवलेले सरकारी जंगलाच्या हद्दीचे दगड उपटून फेकतात.

"बाबांनी जन्मभर तेच दगड राखले," ती म्हणाली. "दरवर्षी चुना लावायचे त्यांना."

प्रयोग संपला. बाबांनी सगळ्यांना नमस्कार केला, जेवले, आणि निघताना स्टेजवर पडलेला एक दगड उचलला. आमचे दगड थर्माकोलचे. "हा नेऊ का?" त्यांनी विचारलं. "न्या की," सर म्हणाले.

तीन आठवडे तो दगड हिराच्या घरी टीव्हीशेजारी होता. बाबा ना दगडाबद्दल बोलले, ना नाटकाबद्दल. "रागावलेत की काय, तेच कळत नाही," हिरा मला फोनवर म्हणायची.

त्यांना सोडायला एअरपोर्टवर मीही गेलो. बॅग ठेवायच्या आधी बाबांनी तो दगड काउंटरच्या काट्यावर ठेवला. पांढरा, वर काळ्या रंगात नंबर. काट्यावर शून्य आलं. काउंटरवरच्या मुलीने तो जरा सरकवून बघितला. शून्यच.

बाबा वाकून त्या आकड्याकडे बघत राहिले. मग हिराकडे वळले.

"बघ पोरी, काईच वजन नाय."

काउंटरवरची मुलगी दगड उचलून परत द्यायला लागली, तसा त्यांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "अजून जरा बघू द्या."