पहिला थांबा सर्वण

चार्जिंगच्या केबलची पिशवी उघडली आणि सुरंगीचा वास आला; वाळलेला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, अजून तळाशी होता. काही वर्षांपूर्वी नवी विजेची गाडी घेऊन आम्ही पुण्याला निघालो, तेव्हा चार्जिंगचे थांबे मी कागदावर लिहिले होते, पहिला कोल्हापूर. बाबा म्हणाले, "पहिला सर्वण." तिथे माझी आत्या राहायची, घरापासून दहा मिनिटांवर. जन्मभर खनिजाचा ट्रक हाकताना बाबा तिच्या दारावरून नुसता हॉर्न वाजवत जायचे. आत्याने खिडकीतून वायर आत ओढून प्लग लावला, "भरेपर्यंत हलायचं नाही" म्हणाली आणि चहा आणि उंडे पाव आणले. गाडी मी घरूनच पूर्ण भरून आणली होती, पण मीही उंडा चहात बुडवला. सुरंगीखाली गाडी पेंगत होती, टपावर फुलं पडत होती आणि ती दोघं गप्पांत लहानपणीच्या तळीत पुन्हा पोहत होती. निघताना आत्याने केसांतला वळेसर केबलच्या पिशवीत घातला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हिरवी लाईट म्हणजे भरलेली, ता माका पयलींच कळला रे. पण तुझो बापूस बसलो मरे." आता आत्या नाही. आज पुन्हा पुण्याचे थांबे फोनवर लावत होतो, तर पलंगावरून बाबांनी विचारलं, "सर्वण घातलंस?"