बाबांनी पाहिलेली अळी

घाटंजीच्या बसस्टँडवर आई रडली नाही, चिडली होती. यवतमाळची बस लागली, मी बॅग आत सरकवली, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अळ्या मारता मारता तुया बापाचं आयुष्य चाललं, अन् तू समुद्रावर अळ्या पाहाले चालली? इथं कमी हायेत काय?"

बाबा शेजारी उभे होते. दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करणारा माणूस, पंपाच्या ओझ्याने एक खांदा उतरलेला. ते नुसते हसले.

घाटंजीत राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धरणाचं. पीएचडीसाठी कोकणातल्या समुद्री संशोधन केंद्रात आले आणि माझा दिवस ओहोटीच्या वेळांवर चालू लागला. सॅम्पल, फील्ड, लो टाइड हे शब्द तोंडी बसले. घरमालकीणबाई हसायच्या म्हणून 'मले', 'तुले' गिळायला शिकले. भाकरीच्या जागी भात आला. फोनवर आई म्हणायची, "लय शुद्ध बोलून राह्यली वं तू आता." ते कौतुक होतं की टोमणा, मला कळायचं नाही.

दुसऱ्या वर्षी खाडीच्या तोंडाशी खडक उलटताना एक मातकट किडा मिळाला. बोटाच्या पेराहून जरा लांब, पाठीवर खवल्यांच्या दोन रांगा. दुपारी त्याला काळे पडदे लावलेल्या खोलीत नेलं, डोळे अंधाराला सरावू दिले आणि ब्रशच्या टोकाने हळूच डिवचलं. खवल्यांवरून हिरवट निळी लाट धावली. एक खवला गळून पडला आणि एकटाच लुकलुकत राहिला. तोवर किडा बशीच्या दुसऱ्या कडेला पळाला होता. मी किंचाळले, "मॅडम, जळून राह्यला तो!"

आमच्या गाईड मॅडम कोकणातल्या. त्यांना वाटलं, खोलीला आग लागली. त्या धावत आल्या, अंधारात उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच ब्रश उचलला.

पुढे दीड-दोन वर्षं मायक्रोस्कोपखाली गेली. अंगावरचे राठ केस, त्यांची टोकं, खवल्यांवरचे उंचवटे आणि शेवटी डीएनए. आम्ही एक नवी जात सापडली म्हणून खूश होतो, तर एका सकाळी मॅडम निकाल हातात धरून म्हणाल्या, "अगं, या दोन आहेत." एकाच खडकाखाली राहणाऱ्या, दिसायला सारख्या, तरी वेगळ्या. त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "बाबाले फवारणीचं विष चढलं. डोये उघडून राह्यले, पन दिसत नाही म्हनते." कोकणातून यवतमाळ किती लांब आहे, ते मला त्या प्रवासात कळलं. दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपून ओळखला. माझ्या बापाला अळीचं औषध बाधलं होतं आणि माझ्या बॅगेत अळीची चित्रं होती.

नजर हळूहळू परत आली. पंप मात्र सुटला. पुढच्या हिवाळ्यात मी आईबाबांना कोकणात आणलं. आईने समुद्र पाहिला आणि "एवढं पानी, अन् कामाचं नाही!" म्हणून मोकळी झाली. बाबांना मी काळ्या खोलीत नेलं. किड्याला डिवचलं. उजेड धावला तसे ते दचकून मागे सरले, स्टुलाला अडखळले.

"जित्ती हाय?"

"हो बाबा."

"कोनाचं नुकसान करते?"

"नाही."

ते बराच वेळ बशीवर वाकून राहिले. "एवढ्या अळ्या मारल्या म्या," ते म्हणाले, "एकीलेही असं पाह्यलं नाही."

मग मी त्यांना कपाट दाखवलं. बाटलीत, अल्कोहोलमध्ये ठेवलेला आमच्या दोन नव्या जातींपैकी एकीचा पहिला नमुना. पांढरट, ताठ, विझलेला. मी अभिमानाने सांगत होते की नव्या जातीला नाव द्यायचं तर असा नमुना जपावाच लागतो.

बाबांनी बाटली माझ्या हातून घेतली. "म्हंजे, नाव ठेवाले बी माराच लागते?"

त्यांनी आरोप केला नव्हता. त्यांना खरंच धक्का बसला होता. आणि मला त्याहून मोठा, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. शास्त्राची गरज, पुढच्या अभ्यासकांची सोय, सगळी उत्तरं मला पाठ होती. मी बाटली परत घेतली आणि कपाट लावलं.

उत्तर अजूनही पुरतं सापडलेलं नाही. आता गरजेपुरतेच किडे उचलते, उरलेले त्याच खडकाखाली सोडून येते, आणि उलटलेला खडक जसा होता तसा ठेवते.

माझं घर कुठलं, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. कोकणात मी घाटंजीची, घाटंजीत गेले की समुद्रावरची. परवा बाबांचा फोन आला. इकडे वादळाची बातमी होती. मी ठीक आहे म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "अन् आपल्या खाडीतल्या अळ्यायचं कसं?"

आपल्या. "खडकाखाली हायेत, बाबा," मी म्हटलं.