नवऱ्याच्या सांबामागे, मेंडोसिनोच्या किनाऱ्याला

ही ट्रिप मी निसर्ग बघायला केली नव्हती, नवऱ्यावर नजर ठेवायला केली होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे रेडवुडच्या झाडांच्या आशेने वाचायला बसलेल्यांची फसगत नको. झाडं येतील, पण मध्येमध्ये.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही फ्रीमाँटला राहत होतो. श्रीकांत एका चिप कंपनीत इंजिनियर. मी लग्न होऊन सांगलीहून आले त्याला दोन वर्षं झाली होती. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलं होतं, टाउनहाउस घेतलं होतं, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे नवरा सांगेल तेवढंच जग. मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी त्याला ओव्हरटाइम असायचा. एकदा ग्रोसरी ठेवायला गाडीची डिकी उघडली, तर आत एक जाडजूड दांडकं. टोकाला लोकरीचा गोळा. मला वाटलं, बाटल्या धुवायचं काहीतरी असेल.

"हे काय रे?"

श्रीकांतचा चेहरा पडला. "ड्रमचं आहे. आमचा ग्रुप आहे. ब्राझीलचं म्युझिक, सांबा. कम्युनिटी सेंटरमध्ये प्रॅक्टिस करतो आम्ही. वर्ष होईल आता."

"आणि ओव्हरटाइम?"

"तेच ते."

गणपतीच्या आरतीत ज्याची टाळी कधी ठेक्यात पडली नाही, तो माणूस म्हणे सांबा वाजवतो! "एवढंच होतं तर लपवलंस कशाला?" मी विचारलं. "तू हसशील म्हणून," तो म्हणाला. मी हसले नाही. मला घरी दोन-तीनदा आलेले फोन आठवले. कॅरल नावाची कोणी बाई, श्री आहे का विचारायची. मी 'श्री' म्हणते ते ठीक आहे, हिला कोणी सांगितलं?

त्यामुळे चार जुलैच्या सुट्टीत त्यांच्या ग्रुपला वर किनाऱ्यावरच्या एका गावात परेडमध्ये वाजवायला बोलावलंय हे कळल्यावर मी लगेच म्हटलं, "मी पण येते." श्रीकांतने आधी 'तुला कंटाळा येईल' म्हणून बघितलं, मग हो म्हटलं. मला तेवढं पुरलं.

सकाळी लवकर निघालो. पुढे बिलची व्हॅन, त्यात सगळे ड्रम. बिल म्हणजे रिटायर झालेला पोस्टमन, ग्रुपमधला सगळ्यात वयस्कर. मागे आमची जुनी गाडी. रस्ता आजही तोच आहे: ओकलंडवरून रिचमंडचा पूल ओलांडायचा, १०१ नंबरचा हायवे धरून वर क्लोव्हरडेलपर्यंत जायचं, तिथून डावीकडे १२८. पेट्रोल क्लोव्हरडेललाच भरून घ्या, पुढे पंप कमी आणि महाग. आम्ही तिथे एका झाडाखाली थांबलो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं काढलं, आणि बिल आमच्याकडे आला.

"लोणचं आहे?" त्याने विचारलं. 'पिकल' नव्हे, चक्क 'लोणचं'! उच्चार वाकडातिकडा, पण शब्द बरोबर. बोटाने घेऊन त्याने चाटलंसुद्धा, तोंड वाकडं न करता.

"याला कसं माहीत?" मी श्रीकांतला मराठीत विचारलं.

"डब्यातलं देतो मी कधीकधी."

डबा तर ऑफिसात जातो. मंगळवारी संध्याकाळी त्यात काय उरतं? मी मनात गाठ मारून ठेवली.

१२८ ची वळणं विचारू नका. पोट सांभाळणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं. आधी पिवळ्या गवताच्या टेकड्या, मग सफरचंदांच्या बागा, आणि नंतर एकदम अंधार झाल्यासारखं रेडवुडचं जंगल. त्या झाडांच्या मधून जाताना माणसं आपोआप हळू बोलतात. मी बोलतच नव्हते. "बघ ना वर," श्रीकांत म्हणाला. मी वर बघितलं. झाडं प्रचंड होती. त्याचा हात स्टिअरिंगवर बोटांनी काहीतरी वाजवत होता.

जंगल संपलं तसा समुद्र आला, आणि त्याच्याबरोबर धुकं. जुलै असला तरी स्वेटर घेऊन जा, मी नव्हता नेला. गाव लाकडाच्या गिरणीवर उभं राहिलेलं. हवेला ओल्या भुशाचा वास. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे कळेल का ते. एका छोट्या हॉटेलात सूप मागवलं. त्यात मटण-बिटण नाही ना, हे मी वेट्रेसला तीनदा विचारलं. "अजिबात नाही गं," ती म्हणाली, "फक्त शिंपल्या आहेत." मी ब्रेड खाल्ला. तिथला बेरी भरून भाजलेला गोड 'पाय' मात्र संकोच न करता दोन वेळा मागवा, स्वस्त आणि झकास.

मुक्काम शाळेच्या जिममध्ये. बायका-पुरुष, सगळे एकाच हॉलमध्ये स्लीपिंग बॅगा टाकून! सांगलीला फोन करून हे सांगितलं असतं तर आई तिकडेच आडवी झाली असती. कॅरल तिथे भेटली. उंच, पिकल्या केसांची वेणी, गळ्यात शिट्टी. शाळेत संगीत शिकवायची आणि हा ग्रुप तीच चालवायची. तिने मला सरळ मिठीच मारली. मी लाकडासारखी उभी. कितीतरी वर्षांची ओळख असल्यासारखं ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काहीतरी कीव होती. बायकांना असलं बघणं बरोबर कळतं. आमची स्लीपिंग बॅग मी भिंतीकडेला लावली आणि श्रीकांतला भिंतीच्या बाजूला झोपवलं.

सकाळी लाकडाच्या मिलच्या पार्किंग लॉटमध्ये परेडची जुळवाजुळव चालली होती. शाळेचा बँड, आगीचा बंब, झाडांचे अख्खे बुंधे लादलेले ट्रक, सायकली सजवलेली मुलं, घोडे. टोपीवाला एक आयोजक आमच्याभोवती फिरत होता. "हे किती जोरात वाजतं?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि आम्हाला घोड्यांपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवलं. श्रीकांत पलीकडे कमरेला सगळ्यात मोठा ड्रम बांधत होता. सुर्दो म्हणतात त्याला. बाकी सगळे त्याच्या ठोक्यावर चालतात.

कॅरलने माझ्या हातात एक खुळखुळा दिला. "वाजवायचा नसेल तर नुसता धर," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तू फार धीराची आहेस. डोक्यावर घराचं कर्ज, आणि दोन महिने पगार नाही. मी तर वेडी झाले असते. त्याला लवकर काहीतरी मिळेल बघ."

"कुणाला?" मी विचारलं.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस पायरी चुकतो तेव्हा असा दिसतो. "अगं बाई," असंच काहीतरी इंग्रजीत ती म्हणाली, आणि माझा दंड धरला. "तुला माहीत नाही?"

तेवढ्यात बंबाचा भोंगा वाजला, टोपीवाला ओरडला, आणि सगळे निघाले. कॅरलला पुढे जावंच लागलं. मी रांगेतून बाहेर पडले आणि फुटपाथवरून चालायला लागले. दोन महिने. रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन निघणारा माणूस. मी रोज दारात उभी राहून हात हलवत होते. आणि या सगळ्यांना, त्या पोस्टमनलासुद्धा, माहीत होतं. मला बाई सापडली असती तरी इतकं लागलं नसतं, असं त्या क्षणी वाटलं. बाईशी भांडता तरी येतं.

गावातली माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. बँडला टाळ्या, लाकडाच्या ट्रकांना शिट्ट्या. हिरव्यापिवळ्या शर्टातला आमचा ग्रुप आला तसं सगळं थंड झालं. हाताच्या घड्या घातलेले पुरुष नुसते बघत राहिले. "हे कुठलं काढलंय नवीन?" कोणीतरी मागे म्हणालं. मी मान वळवली नाही.

मग श्रीकांतने मला पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण त्याचा हात वरच राहिला. मोठा ड्रम थांबला. बाकीच्यांचं वाजवणं विस्कटलं, एकमेकांच्या पायात पाय आल्यासारखं. कॅरल मागे वळली, तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जोरात शिट्टी फुंकली. त्याने डोळे मिटले आणि ठोका दिला. पुन्हा दिला. आवाज माझ्या छातीत, दातांत लागला. तो खरंच ठेक्यात वाजवत होता. त्याचा मला आणखी राग आला.

माझ्या शेजारी एक जाडीशी बाई उभी होती, कडेवर मूल. "यातला तुझा कुठला?" तिने विचारलं.

"मोठ्या ड्रमवाला."

"काय करतो तो?"

एरवी मी कंपनीचं नाव सांगितलं असतं, डिग्रीसकट. "नोकरी गेली त्याची," मी म्हटलं. दोन मिनिटांपूर्वी मला कळलेली गोष्ट, आणि मी ती एका अनोळखी बाईला सांगून मोकळी झाले. आईला सांगायला मला पुढे दोन आठवडे लागले.

"माझ्याचीपण," ती म्हणाली. "मिलमधून. मार्चपासून घरी आहे. त्याने निदान ड्रम तरी वाजवावा, दिवसभर टीव्हीसमोर असतो." मूल दुसऱ्या कडेवर घेऊन ती ठेक्यावर एक पाय आपटायला लागली, तोंडावर हसू न आणता.

परेड संपल्यावर आम्ही दोघं कड्यावर जाऊन बसलो. खाली समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"रोज कुठे जात होतास?"

"सकाळी लायब्ररी. अर्ज लिहायचे. दुपारी बिलचं गॅरेज. ड्रमची कातडी बदलतो आम्ही. डबा तिथेच खायचो."

"कॅरलला सांगितलंस आणि मला नाही?"

"मी सांगितलं नव्हतं, नीला. मी एक दिवस दुपारीच प्रॅक्टिसला पोचलो, त्यांनी ओळखलं. आणि तिथे मी कुठे नोकरी करतो याने कुणाला फरक पडत नाही. तुला सांगितलं असतं तर घरी तेवढाच एक विषय राहिला असता. तू लगेच हिशेबाला बसली असतीस, सांगलीला फोन झाला असता, तुझ्या काकांनी इथल्या चार लोकांना विचारलं असतं..."

"मग? विचारलं असतं तर?"

"मला रोज सकाळी तू हात हलवतेस ना, ते हवं होतं."

मी रडले, आणि त्याला एक चापटही मारली, जोरात. नंतर मी कॅरलबद्दल विचारलं. "कॅरलचं काय?" तो म्हणाला, इतका बावळट चेहरा करून की मला विश्वास ठेवावा लागला. बराचसा.

परतताना आम्ही घाई केली नाही. सफरचंदांच्या बागेपाशी थांबून थंडगार रस प्यायलो, तो चुकवू नका. बिल पुढे, आम्ही मागे. घरी पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे, सोमवारी सकाळी त्याला टाय लावू दिला नाही. पुढच्या महिन्यात मी बिलकडून गाडी शिकले, मग एका बँकेत चिकटले. श्रीकांतला दिवाळीच्या सुमारास दुसरी नोकरी लागली, पहिल्यापेक्षा लहान. ग्रुपमध्ये तो पुढे कितीतरी वर्षं वाजवत राहिला. मी खुळखुळा घेऊन चालायचे. ठेका मला कधी जमला नाही.

त्या गावाचं नाव मी दिलं नाही, कारण त्या बाईचा नवरा पुन्हा कामाला लागला की नाही ते मला माहीत नाही, आणि तिची गोष्ट मी सांगितलेली तिला चालेल की नाही, तेही.

आता आम्ही दोघंही रिटायर आहोत. श्रीकांत सकाळी फिरायला जातो. परत आला की मी न विचारता सांगायला लागतो: आधी तळ्यापर्यंत गेलो, मग शाळेच्या मागून वळलो, कोपऱ्यावर पटेल भेटले, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मी चहा गाळता गाळता सगळं ऐकून घेते. विश्वास आहेच. तरी पटेलांच्या बायकोला गुडघ्याचं विचारते मी, सहज.