देवाशपथ, दुसऱ्यांदा

मी देव मानत नाही, हे मी उदगीरला कॉलेजात असल्यापासून मोठ्या आवाजात सांगत आलो. नोकरीसाठी नांदेडला आलो तेव्हा घरात देव्हारा ठेवला नाही, मुलीचं लग्न नोंदणी पद्धतीनं केलं, याच विषयावर गावोगावी भाषणं दिली. त्यासाठी मला कधी काही सोसावं लागलं नाही. लोक हसून म्हणायचे, "सर जरा वेगळे हायत." आडनाव ऐकलं की बाकीचं ते आपणहून माफ करून टाकत.

माझ्या सहकाऱ्याला ती सवलत नव्हती. तो गणित शिकवतो, बौद्ध आहे. नायगावजवळच्या आमच्या शाळेत आम्ही रोज एकाच एसटीनं जातो. एका सकाळी शाळेच्या फाट्यावर उतरलो आणि आमच्या डोळ्यांसमोर एका टेम्पोनं केळीच्या गाड्याला धडक दिली. केळीवाल्याचा पाय गेला. गाडा रस्त्याच्या कडेला होता, हे आम्ही दोघांनी पाहिलं. टेम्पोवाला म्हणत होता, मधोमध होता. दुसरा साक्षीदार नव्हता.

समन्स आल्यावर सहकारी बसमध्ये म्हणाला, "सर, तिथं देवाची शपथ घ्यायला लावतात म्हणं. मला न्हाई जमायचं. आजोबांनी दीक्षेच्या वेळीच देव मानणार न्हाई म्हणून प्रतिज्ञा घेतली. आमच्या घरात शपथ एकदा होऊन गेली हाय."

"घाबरता कशाला?" मी म्हणालो. "कायद्यात सोय आहे. सत्यप्रतिज्ञेवर सांगतो म्हणायचं. दोघंही तेच म्हणू."

हे 'दोघंही' माझं होतं.

कोर्टात मला आधी बोलावलं. तो बाहेर थांबला, कारण साक्ष होईपर्यंत दुसऱ्या साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. पिंजऱ्यात उभा राहिलो. मान वर न करता कारकून म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." न्यायाधीश कागद चाळत होते. समोर टेम्पोवाल्याची माणसं, कोपऱ्यात केळीवाल्याची बायको. आता इथं कशाला वेगळेपणा, साहेब वैतागतील, असं काहीतरी मनात आलं असावं. खरं तर तेवढाही विचार केल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "देवाशपथ खरं सांगेन."

साक्ष खरीच दिली. टेम्पोवाल्याच्या वकिलानं विचारलं, "दुसरे साक्षीदार तुमचे कोण?" मी ताठ मानेनं सांगितलं, "मित्र आहेत. आमचे विचार एक आहेत." पुढे जागेच्या नकाशावरून अडलं आणि माझी उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

मग तो आला. कारकुनानं तेच वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "मी देव मानत नाही. सत्यप्रतिज्ञेवर सांगतो." कारकुनानं निमूट तसं वाचून दाखवलं. इतकं सोपं होतं ते.

उलटतपासणीत वकील म्हणाला, "देव मानत नाही. मग खोटं बोलायला भ्यायचं कुणाला?"

"स्वतःला."

मागं कोणीतरी हसलं.

"तुमचे मित्र तर म्हणाले, दोघांचे विचार एक. त्यांनी आत्ताच देवाशपथ घेतली. तुम्हाला बोलले नाहीत?"

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ऐकलं ते बरोबर का, एवढंच बघायला. मी खाली पाहिलं.

"वकीलसाहेब, शपथेवर प्रश्न नकोत. पुढं चला," न्यायाधीश म्हणाले. कायद्यापुरता तो विषय तिथंच मिटला.

संध्याकाळी स्टँडवर चहा घेताना तो म्हणाला, "मग सर, देव भेटला का आत?"

मी हसलो.

"हसू नका. मी खरंच इचारायलोय."

मी म्हणालो, "पुढच्या तारखेला सुधारतो. सत्यप्रतिज्ञेवर सांगतो."

"आता?" त्यानं कप खाली ठेवला. "मागल्या वेळी देव होता, आता कुठं गेला, असं इचारंल तो. तुमची सगळी साक्षच खोटी म्हणंल. केळीवाल्यानं काय करायचं मग? आता देवालाच धरून बसा."

पुढच्या तारखेला त्याचं काम नव्हतं, तरी तो आला. मागच्या त्याच बाकावर बसला. कारकून म्हणाला, "म्हणा." मी म्हणालो. या वेळी प्रत्येक शब्द मला ऐकू आला. नंतर गाडा कुठं होता, टेम्पो कुठून आला, सगळं नीट सांगितलं. वकिलाला काही सापडलं नाही.

बाहेर केळीवाल्यानं कुबडी काखेत दाबून माझा हात धरला. "सर, देव तुमचं भलं करो."

"घ्या सर, आशीर्वाद घ्या," सहकारी म्हणाला. "शपथ तुम्हीच घेतली."

निकाल अजून लागायचा आहे. बहुतेक आमच्या बाजूनं लागेल, असं म्हणतात.

परतीच्या बसमध्ये त्यानं नेहमीसारखी माझ्यासाठी जागा धरली होती. मी शेजारी बसलो. त्याची माफी मागायची होती. पण शपथेवाचून, नुसत्या माझ्या शब्दावर त्याला खरं वाटेल असं एक वाक्य नांदेड येईपर्यंत मला सापडलं नाही.