दुसऱ्या पानावरचे हात

आईला मी सांगते की मी स्थळं जुळवते. खोटं नाही ते. आमची दुबईतली संस्था स्वतः शेती करत नाही, कुणाला पैसेही देत नाही. गरीब देशांत शेतमालावर उद्योग उभा करणारी माणसं एका बाजूला आणि ज्यांच्याकडे गुंतवायला भांडवल आहे ती माणसं दुसऱ्या बाजूला, त्यांची गाठ घालून देणं हे आमचं काम. नफा आम्ही घेत नाही. थोडक्यात, वधू-वर सूचक मंडळ. माझ्याकडे असतो तो मुलीचा बायोडाटा. प्रत्येक उद्योगाची ओळख मी दोन पानांत लिहिते. पहिल्या पानावर माल, यंत्रं, विक्री. दुसऱ्या पानावर माणसं.

दुसरं पान हे माझं पान. मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. कॉलेजात असताना आमच्या तालुक्यातल्या काजू कारखान्यांच्या गेटवर मी मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे आणि बहुतेक लिहायचेही मीच. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचं डोकं तापलं नाही तर तो कागद भेळेला जातो, हे मला तिथं कळलं. दुबईत आल्यावर संस्थेचे साहेब दोनदा म्हणाले, "जरा कमी रक्त, प्लीज." मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि तसंच लिहीत राहिले. जगात संतापण्यासारखं इतकं असताना सौम्य लिहायचं म्हणजे मला चोरीच वाटायची.

तर या वेळचं स्थळ होतं टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. एक बाई, पन्नाशीच्या आसपास, काजू फोडण्याची आणि निवडण्याची शेड चालवणाऱ्या. त्यांच्याकडे काजू ढीगभर पिकतो, पण बहुतेक सगळा कवचासकट जहाजात चढतो आणि दुसऱ्या देशांत जाऊन फुटतो. गर काढण्याची मजुरी तिकडे, भाव तिकडे. बाईंना आपल्या गावचा काजू आपल्या गावात फोडायचा होता. त्यासाठी बिया उकडायचा मोठा बॉयलर आणि वाळवणाची खोली हवी होती, आणि त्यात पैसे घालणारा भागीदार.

मी त्यांच्याशी फोनवर तासभर बोलले तेव्हा माझं लक्ष निम्मंच होतं. कारण ते दुसरे देश म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. दुसरा देश म्हणजे आमच्या कोकणातला तो कारखाना, जिथं माझी आई अजून कामाला जाते. आमच्या घराच्या दारात पाय पुसायला एक गोणपाट असायचं. त्यावर निळ्या शाईत 'प्रोड्यूस ऑफ टांझानिया' छापलेलं. पहिलीत असताना इंग्रजी अक्षरं मी त्या गोणपाटावर बोट ठेवून लावली. कारखान्यातल्या बायका त्या मालाला 'बाहेरचो माल' म्हणायच्या. बाहेर म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं.

काजूच्या कवचात तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, मग सोलते. आईचे हात वर्षभर तसेच. बायका राख लावायच्या, एरंडेल लावायच्या, पण काळं राहायचं ते राहायचंच. मला आईनं हातानं घास भरवलेला आठवत नाही. तेल माझ्या ओठांना लागेल म्हणून ती चमच्यानं भरवायची. शेजारच्या मुलांना हातानं भरवताना बघून मी एकदा चमचा अंगणात फेकून दिला होता. तिनं तो उचलून आणला, धुतला आणि पुन्हा भात कालवला.

दुसऱ्या पानावर मी हे सगळं लिहिलं. काळे पडलेले हात, राख, आणि शेवटी: "या आया आपल्या लेकरांना चमच्यानं भरवतात, कारण त्यांचे हात घास भरवण्याच्या लायकीचे उरलेले नाहीत." लिहिताना मला रडू आलं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. कमी रक्त वगैरे काही म्हणाले नाहीत.

फक्त बाईंनी फोनवर मला त्यांच्या बायकांच्या हातांबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं नव्हतं. आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचायलाही पाठवलं नव्हतं. पत्रक ज्यांच्याविषयी असतं त्यांना ते आधी दाखवायचं, ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नव्हती. कारखान्याच्या गेटवर आम्ही पत्रक मालकाला आधी वाचायला थोडंच द्यायचो?

एका गुंतवणूकदाराचं उत्तर आलं. तेही कोकणातलेच निघाले. तीस वर्षं इथं सुक्यामेव्याचा धंदा, जबल अलीत गोदाम, माल पुढं युरोपातल्या दुकानांना. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही. त्यांनी बाईंना भेटायला बोलावलं. बाई तीन दिवसांसाठी आल्या आणि ठरल्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन निघाले. संस्थेनं त्यांना माझ्याजवळ अजमानच्या हॉटेलात ठेवलं होतं, स्वस्त म्हणून. तिथून जबल अलीपर्यंत टॅक्सीचे दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, हे मी मनात म्हणाले आणि बाईंनी ते त्यांच्या शिलिंगमध्ये मोठ्यानं म्हटलं. आम्ही दोघी हसलो. बाईंच्या मांडीवर शिवलेली कापडी पिशवी होती, तिच्यात नमुन्याचे काजू. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघींचंही कामचलाऊ.

"माझा कागद आहे ना तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. "मी बघितलाच नाही. मी कशी दिसते त्यात ते तरी बघू."

मी दिला. पहिलं पान वाचून त्या खूश झाल्या. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट ओळीवरून सरकत राहिलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"बिंती," त्या म्हणाल्या. म्हणजे मुली. "आमच्याकडे उगाली खातात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तो चमच्यानं कोण खातं?"

त्यांनी बोट त्याच ओळीवर पुन्हा टेकवलं.

"हे हात कुणाचे आहेत?"

टॅक्सी शारजाच्या गर्दीत अडकली होती. पळून जायला कुठं जागा नव्हती.

"माझ्या आईचे," मी म्हटलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्या शेडला छप्पर नव्हतं तेव्हापासून माझ्या बायका हातमोजे घालतात. आधी मोजे घेतले मी, मग पत्रे. हे मी तुला सांगितलं असतं. तू विचारलं असतंस तर." थोड्या वेळानं, "आणि आता ज्याला भेटायचं त्यानं हे वाचलं असणार."

वाचलं होतं. काकांच्या गोदामात काजू-बदामांचा गोड वास आणि कडक एसी. त्यांनी चहा मागवला, बाईंची विचारपूस केली, मग कागद समोर ठेवला. बाईंना कळावं म्हणून इंग्रजीत बोलत होते, माझ्याकडे वळले की मालवणीत.

"मॅडम, तुमचा माल चांगला असेल. पण मी ज्या दुकानांना माल देतो त्यांचा माणूस येतो आणि कारखान्यातल्या बायकांचे हात बघतो. अक्षरशः हात. असे हात असलेल्या शेडशी माझं नाव जोडलं गेलं तर माझं खलास." आणि मला, "गो चेडवा, तू लिवलंस बरा. वाचून माका जेवाण गोड लागाक नाय. पण धंदो हो असो नसता."

माझं डोकं तापलं. आधी तेच होतं माझं. मी सुरूही केलं, "हातांची काळजी तुम्हाला दुकानांचा माणूस आल्यावरच का—" आणि बाईंकडे लक्ष गेलं. त्या पिशवीची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. इतक्या लांबून त्या हे ऐकायला आल्या नव्हत्या. माझं भाषण पूर्ण झालं असतं तर त्या रिकाम्या हातानं परत गेल्या असत्या, आणि मी मात्र घरी जाऊन छान झोपले असते.

"काका, ते हात यांच्या बायकांचे नाहीत," मी म्हटलं. "मी खोटं लिहिलं. ते माझ्या आईचे आहेत." आणि कारखाना कुठला ते सांगितलं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्येच्या गेटावरसून मी शाळेत जाय होतंय," ते म्हणाले. मग धंदेवाल्याचा आवाज परत आला. "पण कशावरसून? कागदार हेंच्या बायांचे हात, तोंडान आता तुझ्या आवशीचे. लाव फोन आवशीक."

आई घरीच होती. बाहेरचा माल संपला होता आणि पुढचं जहाज आलं नव्हतं, म्हणून कारखाना महिनाभर बंद. व्हिडिओवर तिचा अर्धाच चेहरा आणि वरचं छत दिसत होतं.

"काय गो, दुपारचो फोन? बरा मा सगळा?"

मी सगळं सांगितलं. माझ्या गुन्ह्याचा पाढा परदेशातल्या गोदामात, एका अनोळखी शेठसमोर, आईला. ती ऐकून घेत होती. तिच्या नजरेची मला लहानपणापासून भीती वाटते.

"माझे हात तिच्या कागदार कित्याक घातलंस? माका इचारलंस?"

म्हणजे मी दोघींनाही विचारलं नव्हतं.

"फोन दाखव मगे तेंका," ती म्हणाली आणि दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले. पडदा भरून काळे, भेगाळलेले हात. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नीट बघितलं. बाईंनीही वाकून बघितलं. त्यांनी स्वतःचा तळवा फोनसमोर धरला. स्वच्छ, गुलाबी, अंगठ्याशी थोडासा खरखरीत. आई हसली.

"गर हाडल्यान काय तेणी? दाखव बघूया."

पिशवी सुटली. काकांच्या टेबलावर पांढरे काजू पसरले. मी एकेक उचलून कॅमेऱ्याजवळ नेत होते आणि आई माझ्यावर खेकसत होती, "जवळ हाड. अजून. फिरव." मग म्हणाली, "हो दोनशे चाळीस. आख्खो हा. डाग नाय." दोनशे चाळीस म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे बसतील असा मोठा गर. काकांनी एक दातांखाली फोडला, मान हलवली. पंचवीस वर्षं काजू फोडून निवडलेल्या बाईशी या बाबतीत कोण वाद घालणार?

"तेंका इचार," आई म्हणाली, "मोजे घातल्यार गर फुटना नाय? आमच्या बोटांक कळता खंय दाबूचा ता."

मी विचारलं. बाई एकदम खुलल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता. "पहिला महिना फुटतो," त्या म्हणाल्या. "खूप फुटतो. मी त्या महिन्यात कुणाचे पैसे कापत नाही. मग हात शिकतो."

मी ते मालवणीत सांगितलं. आई नुसती मान हलवत राहिली.

काका मध्येच म्हणाले, "वयनी, एक सांगतंय. हेंचो कारखानो वाढलो तर तुमच्याकडे बाहेरचो माल कमी येतलो. माहित हा मा?"

हा प्रश्न माझ्याही पोटात तीन आठवडे होता. मी तो दोन पानांत कुठंच लिहिला नव्हता.

"आताय खंय येता? म्हयनोभर घराकच आसंय," आई म्हणाली. "येव नायतर नाय येव. जी बायांका मोजे देता, तिचो कारखानो चलाक व्हयो." आणि वर, "माका भिती वाटना नाय असा नाय हां. पण तिचा काय चुकला तेच्यात?"

त्या दिवशी काकांनी भागीदारी दिली नाही. एक कंटेनर गर विकत घेतो म्हणाले, आणि हंगाम सुरू झाला की स्वतः येऊन शेड बघतो. "इन्शाल्ला," बाई म्हणाल्या, आणि काकाही म्हणाले. साहेबांच्या तक्त्यात याला 'निष्पन्न नाही' असं म्हणतात. मी तसं लिहिलंही.

परतीच्या टॅक्सीत बाईंनी घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "यल्ला, चल, आता लिही. मी सांगते." दुसरं पान त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पहिलं वाक्य: आमच्या शेडमध्ये मोजे आधी आले, छप्पर नंतर. एकूण अकरा वाक्यं झाली. कुणाचंही डोकं तापणार नाही अशी. मी ती त्यांना दोनदा वाचून दाखवली आणि त्यांनी एका ठिकाणी 'खूप' हा शब्द काढायला लावला. उतरताना पिशवीच्या तळातून, नमुना म्हणून आणलेली हातमोज्यांची जोडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "आईला दे. माप बरोबर आहे. मी बघितलेत तिचे हात."

काका हंगामात गेले. चार दिवस म्हणून गेले आणि दहा दिवस राहिले. परत आल्यावर ऑफिसात येऊन साहेबांना म्हणाले, बॉयलर माझा, वाळवणाची खोलीही माझी, कागद तयार करा. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबले. "उगाली खाल्लंय. हातान." एवढंच सांगून गेले.

मी आईला फोन केला. स्थळ जुळलं, हे तिला पहिल्यांदा सांगायचं होतं. कारखाना सुरू झाला होता, माल आला होता, पण कमी, आणि पाळ्या लावल्या होत्या. आज तिची पाळी नव्हती. ती ओट्यावर बसून घरचे काजू फोडत होती. फोन पाटाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होते. मी पाठवलेले बाईंचे निळे मोजे, बोटांच्या टोकाशी थोडे सैल. पुढ्यातल्या सुपात आख्खे गर थोडे आणि तुकडे पुष्कळ.

"फुटतत गो," ती म्हणाली. "पैलो म्हयनो मा."