राजपुत्राच्या वाट्याचं भाषण

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आल्यावर नवरा गाड्यांच्या कारखान्यात रुजू झाला आणि मी सकाळच्या जर्मनच्या वर्गात. तिथे माझ्या शेजारी सत्तरीचे एक इराणी गृहस्थ बसत. इराणवर राज्य केलेल्या काजार घराण्यातले आपण, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शिकवणाऱ्या बाई त्यांना कौतुकाने ‘प्रिन्स’ म्हणू लागल्या. ते बायकांसाठी दार उघडून धरत, आणि गृहपाठ माझ्या वहीतून उतरवून घेत. सुरुवातीला मला त्याचंही अप्रूप वाटलं, हे कबूल करते.

तोंडी परीक्षेआधी दोघादोघांनी मिळून भाषण करायचं होतं. विषय त्यांनीच ठरवला: त्यांच्या घराण्याचे शेवटचे तीन राजे. वाचायचं मी, आणि घरात ऐकलेल्या दरबारच्या आठवणी ते सांगणार.

“फार हळवी माणसं होती ती,” ते म्हणाले. “काळाने त्यांच्यावर अन्याय केला.”

मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून आठवडाभर वाचलं. हळवेपणा कुठे सापडेना. पहिला राजा कायमचा आजारी. देश खिळखिळा होत असताना हा औषधी झऱ्यांच्या शोधात युरोपभर फिरत होता. मरायला टेकल्यावर लोकांच्या रेट्यापुढे त्याने राज्यघटनेवर सही केली, एवढंच काय ते चांगलं. त्याच्या मुलाने त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या संसदेवर तोफा डागल्या, आणि लोक चालून आले तेव्हा तो रशियन वकिलातीत जाऊन लपला. नातू पोरवयात गादीवर बसला, त्याची दया यावी. पण मोठेपणी तब्येतीचं कारण सांगून तो युरोपात गेला तो परतलाच नाही. गादी गेली तेव्हाही तो तिकडेच होता.

भाषणाच्या दिवशी सकाळी फोनवर राजपुत्रांचा निरोप आला. छातीत कफ झालाय, हवापालटासाठी मुलीकडे दक्षिण फ्रान्सला आलोय, तेव्हा, तुम्ही छानच बोलाल.

मी एकटी उभी राहिले आणि वाचलेलं सगळं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. बाईंचा चेहरा उतरला. एवढं कठोर का बोललात, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरची, बेकरीत काम करणारी एक वयस्कर इराणी बाई बोलली. एरवी ती वर्गात तोंडही उघडत नसे.

“माझी आजी त्यांचा विषय निघाला की थुंकायची,” ती म्हणाली. “ही सभ्यपणे बोलली.”

तीन आठवड्यांनी ते परतले, उन्हात रापलेले, हातात चॉकलेटचा डबा. भाषणाच्या कागदावर आपलंही नाव आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“होतं,” मी म्हटलं. “मी खोडलं.”

वाटलं, आता तरी रागावतील. रागावले असते तर मला थोडा मान वाटला असता. पण ते नुसते हसले, माझ्यापुढे धरलेला डबा मागे घेतला आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाईंनी तो लगेच उघडला. मी माझी पिशवी उचलली आणि मागे बेकरीवाल्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले.