कशाला पायजे?

कोपरीच्या बाजारात आमच्या मासेवाल्या मावशीकडून मासे घ्यायचे, तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. तुम्ही सुरमईकडे बोट दाखवलंत की ती सुरमईकडे बघायचीच नाही, तुमच्याकडे बघायची. "कशाला पायजे?" तळायला, कालवणाला, की घरात कुणी आजारी आहे म्हणून? उत्तर मिळाल्याशिवाय तिचा हात कोयतीला लागत नसे. सगळा बाजार तिला 'कशाला-मावशी' म्हणायचा. तिचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं, याची आता लाज वाटते.

उत्तर ऐकून ती मासा ठरवायची. कधी समोरच्या पाटावरचा उचलायची, कधी खाली वाकून बर्फाच्या पेटीतला काढायची. त्यामागचं कारण मी कधी विचारलं नाही. एकदा माझ्या आईने कालवणाला बांगडे मागितले, तर मावशी म्हणाली, "पोरीला ताप हाय ना? तोंड सांगतंय तुझा. मुडदुशी ने, हलकी असते." ताप मलाच आला होता. कुणी चिडलं, की तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "मासा तर मेलेलाच हाय गो, खानारा जगला पायजे."

आई गेली, मी लग्न होऊन मानपाड्याला आले, तरी मासे कोपरीचेच. नवरा म्हणायचा, डोंबिवलीत काय मासे मिळत नाहीत? मिळतात. पण तिथे आईला ओळखणारं कुणी नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला, मनूला, तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हाची गोष्ट. आधीच्या दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी सातवा लागला आणि आम्ही सगळे जरा मोठ्याने बोलायला लागलो. ओटी सासरी भरली गेली. माहेरचं कौतुक माझ्याकडे, तिच्या ऑफिसातल्या चार मैत्रिणींना बोलावून. आणि मनूला डोहाळे कसले लागावेत? सुशीचे! ऑफिसच्या पार्टीत कधीतरी खाल्लेली. "ताई, एकच घास गं. पण खरी, कच्च्या माशाची."

डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते, असं आई म्हणायची. मी शिकलेली बाई. यावर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगते. पण दोनदा रिकाम्या हाताने परतलेल्या बहिणीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते ठाऊक होतं. एका व्हिडिओतला माणूस म्हणाला, ताजा मासा असला की झालं. मी त्याचं ऐकलं.

आधीच्या रविवारी मी मावशीपाशी सहज विषय काढला. कच्चा खायचा तर कुठला मासा बरा?

"कोन खानार?"

"मनू."

"पोटुशी बाय कच्चा खानार?" तिने कोयती खाली ठेवली. "नाय देत मी. जा."

अख्ख्या बाजारासमोर! मला भयंकर राग आला. पुढच्या रविवारी, कौतुकाच्या दिवशी, सकाळी मी परत तिच्यासमोर उभी राहिले आणि तिने विचारायच्या आत म्हणाले, "सुरमई दे. तुकड्या तळायच्यात." माझ्या तोंडाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग वाकून पेटीतली सुरमई काढली. मी जिंकल्यासारखी घरी आले.

आंबेमोहोर मऊ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घातलं. वसाबीऐवजी मोहरी फेसली, नाकातून पाणी येईपर्यंत. पेढ्याच्या साच्यात भात दाबून त्याच्या सहा वड्या केल्या, वर सुरमईचे पातळ काप ठेवले आणि पहिली ताटली मनूला हॉलमध्ये नेऊन दिली. मैत्रिणी एकला येणार होत्या. बारा वाजलेले. उरलेल्या माशाचं कातडं काही केल्या सुटेना. मी सवयीने मावशीला फोन लावला.

"मावशी, सुरमईचं कातडं कसं काढतात गं?"

मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"तलाला कातडा कवापासून काढतान?" ती म्हणाली. "मना खरा सांग. कशाला पायजे?"

मी सांगितलं.

"पेटीतली हाय गो ती! परवाची! तलून खावाला दिलेली मी तुला!" आणि मग ओरडली, "पोरगी कुठं हाय?"

ओट्यापासून हॉलपर्यंत सात पावलं असतील. मी धावले. मनू सोफ्यावर बसली होती, ताटली मांडीवर, फोनने फोटो काढत. ताटलीत पाच वड्या होत्या.

"सहावी कुठाय?"

"अगं, काय झालं?"

"मनू, सहावी कुठाय? खाल्लीस?" मी तिचा जबडा धरला होता. सात महिन्यांच्या पोटुशीचा जबडा, गुरासारखा.

तिने घाबरून भिंतीकडे बोट केलं. आईच्या फोटोपुढच्या वाटीत सहावी वडी होती. "आईला मासे आवडायचे ना," मनू म्हणाली. "म्हटलं, पहिला घास तिला."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. फोन ओट्यावर तसाच चालू होता आणि त्यातून मावशी हाका मारत होती.

दीड वाजता दाराची बेल वाजली. मैत्रिणी येऊन बसल्या होत्या, मी त्यांना सरबतावर थोपवून धरलं होतं. दारात मावशी. पाट शेजारणीवर सोपवून, रिक्षा करून, शीळफाट्याच्या गर्दीत तासभर अडकून आलेली. हातात ओल्या फडक्यात बांधलेली कोळंबी. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरली, सुरमई पिशवीत बांधून बाजूला ठेवली आणि कोळंबी हळद-मिठाच्या पाण्यात उकडली. मोहरी बोटाने चाटून पाहिली, डोळ्यांत पाणी आलं तशी म्हणाली, "ही बेस हाय." माझ्या भातावर तिची कोळंबी बसली, वर कोकमाचं थेंबभर आगळ. पहिली वडी तिने स्वतः मनूला भरवली. मनूने आठ खाल्ल्या. सुशी कच्च्याचीच हवी, हे ती पार विसरून गेली.

निघताना मी मावशीच्या पाया पडले. तेव्हा कुठे ती माझ्याशी बोलली. "नवऱ्याशी खोटा बोल, देवाशी बोल. मासेवालीशी नको बोलू. मी तुझ्या बोलन्यावर मासा देते."

मनूला मुलगी झाली. ती आता पाच वर्षांची आहे आणि तिची लाळ कधी गळली नाही. तिला कोळंबीची वडी लागते, मोहरी न लावता. बाळंतिणीला लागणारे मासे मावशीने सांगून सांगून पाठवले, कुठला कधी आणि कशात. गेल्या वर्षी मावशी गेली. चार दिवस आजारी होती म्हणे. मला कळलं ते रिकामा पाट बघून, आणि मी भर बाजारात पिशवी तोंडाशी धरून रडले.

आता पाटावर तिची सून बसते. हात झपाझप चालतो, कानात गाणी. ती कुणाला काही विचारत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी कोळंबी मागितली, तिने पेटीत हात घालून ओंजळभर काढली आणि तराजूत टाकायला निघाली.

"भातावर ठेवायची आहे," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "चार वर्षांची पोर खाणार आहे."

तिने कानातला इयरफोन काढला. पहिल्यांदाच वर, माझ्याकडे बघितलं. मग हातातली कोळंबी पेटीत परत ठेवली आणि पाटावरची उचलली.